चोराच्या हातचा पंचनामा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या मालकांनी विचारलेला एक प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्यांच्या लिनक्स सर्व्हरवर कोणीतरी बाहेरून शिरले होते. सुट्या भागांची ड्रॉइंग आणि खरेदी-विक्रीचा हिशेब दोन्ही त्याच यंत्रावर असल्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. मी लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी, उघडून बसलो, तसे तेही खुर्ची ओढून शेजारी बसले. खाली मशीन शॉप चालू होते आणि कूलंटचा तो तेलकट, किंचित आंबूस वास वर ऑफिसातल्या फायलींनाही लागलेला होता. लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये दर दहा मिनिटांनी क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन ओळी दिसत होत्या, सत्र उघडल्याची एक आणि मिटल्याची एक. बघता बघता रात्रीचे २ वाजून १० मिनिटे झाली, आणि त्यापुढची ओळ थेट ४ वाजून ४० मिनिटांची निघाली. मधल्या काळात यंत्र बंद पडले असेल, असे मालक म्हणाले. पण यंत्र कित्येक महिने न थांबता चालू असल्याचे अपटाइम सांगत होता, आणि क्रॉनने ३ वाजता घेतलेला बॅकअप डिस्कवर आपल्या जागी, आपल्या वेळेसह, शाबूत होता. काम झाले होते. ते झाल्याची नोंद मात्र कोणीतरी काढून टाकली होती. हे मी त्यांना दाखवले तेव्हा ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे चोरी झाली आणि पंचनामाही चोरानेच लिहिला, असंच ना?”

तसेच होते.

लिनक्स ज्या धर्तीवर बनले त्या युनिक्सवर ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. लॉग ही शेवटी मजकुराची साधी फाइल असते आणि जो रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, झाला त्याला ती इतर कोणत्याही फाइलसारखीच उघडता येते, हव्या त्या ओळी गाळता येतात आणि फाइलची तारीखही पुन्हा जुळवून ठेवता येते. आम्हाला सापडलेला घुसखोर आळशी होता, म्हणून त्याने अडीच तास सरसकट कापले. एखाद्या सावध माणसाने फक्त स्वतःच्या चार ओळी काढल्या असत्या आणि क्रॉनच्या जोड्या जिथल्या तिथे ठेवल्या असत्या, तर मीही ती फाइल निर्धास्तपणे मिटली असती. हाच विचार मला घरी आल्यावरही सोडेना. आजवर मी जितक्या फायली वाचून ‘काही विशेष नाही’ असा शेरा मारला, त्या सगळ्या ज्या यंत्राबद्दल होत्या त्याच यंत्रावर पडून होत्या. ज्याच्याविषयी शंका, त्याच्याच घरातून त्याच्याविषयीचा कागद आणायचा आणि त्यावर विश्वास ठेवायचा, ही पद्धत आपण इतक्या सहज कशी स्वीकारली, याचे मला खरोखर आश्चर्य वाटू लागले. नोंद दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय काही कालपरवाची नाही. ती सिसलॉग या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पूर्वीपासून आहे आणि तिच्यासाठी कोणाला परवान्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत.

सिसलॉगचा जन्म कॅलिफोर्नियातील बर्कलीचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक ऑलमन तिथल्या विद्यापीठात सेंडमेल हा टपालाचा प्रोग्रॅम लिहीत होते आणि त्या प्रोग्रॅमला आपले म्हणणे कुठेतरी नोंदवता यावे म्हणून त्यांनी हा जोडप्रोग्रॅम तयार केला. पुढे इतर प्रोग्रॅमही त्याच्याच मार्फत बोलू लागले आणि सेंडमेल मागे पडल्यावरही सिसलॉग टिकून राहिला. गंमत अशी की त्याच बर्कलीत, विद्यापीठाच्या मागच्या टेकडीवर असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, १९८६ साली क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा माग काढताना कोणीतरी परका माणूस रूट होऊन वावरतो आहे हे त्यांना कळले. तो माणूस आधी कोण कोण लॉगिन आहे ते बघे आणि मगच पुढे जाई, तेव्हा त्याच यंत्रावर त्याच्यावर पाळत ठेवणे म्हणजे त्याला सावध करणे ठरले असते. म्हणून स्टोल यांनी एका शनिवार-रविवारी इकडून तिकडून प्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास मोडेम लाइनींना जोडले. घुसखोराने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उमटू लागली, आणि तो कागद त्याच्या आवाक्याबाहेर होता. माग शेवटी जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत गेला. ती हेरगिरीची कथा अनेकांना ठाऊक आहे, पण मला तिच्यातले हेर वगैरे कधीच फारसे भावले नाहीत. मला भावते ती त्या प्रिंटरांची रांग. सगळ्यात समर्थ यंत्राचे बोलणे टिपायला त्याला ज्याच्यापर्यंत पोचता येत नाही असे एक मठ्ठ यंत्र लागते, हे तिथे इतक्या लवकर करून दाखवले गेले होते.

तसा एक मठ्ठ प्रिंटर मी स्वतः पाहिलेला आहे. मुंबईतल्या माझ्या पहिल्या नोकरीत सोलारिस या युनिक्सच्या प्रकाराची यंत्रे होती आणि ती सांभाळणारे आमचे वरिष्ठ, ज्यांना वयाने मोठे असलेले लोकसुद्धा अण्णा म्हणत, सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात सिरियल पोर्टला जोडलेला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू ठेवत. कोणी ‘एसयू’ करून रूट होण्याचा प्रयत्न केला की त्याचे डोके एकदम करकरत आडवे धावे आणि एक ओळ छापून पुन्हा गप्प होई. एसीच्या एकसुरी घरघरीत तो आवाज इतका दचकवणारा होता की पासवर्ड चुकला तर आधी सगळ्यांच्या माना वळत. कडांना भोके असलेला तो जोडकागद खाली खोक्यात घडी होऊन पडत असे आणि महिन्याच्या शेवटी अण्णा त्यावर सही करून तो कपाटात ठेवत. मी त्यांना विचारले होते की हे सगळे डिस्कवर असताना कागद कशाला वाया घालवायचा. ते म्हणाले, “मशीनवर रूट व्हायला एक पासवर्ड पुरतो रे. हा कागद फाडायचा तर या खोलीत यावं लागेल, आणि दाराशी वॉचमनकडे रजिस्टर आहे.” अण्णांनीच मला सोलारिसच्या सिसलॉगची संरचना फाइल लिहायला शिकवली. तिच्यात डावीकडे कोणत्या नोंदी ते लिहायचे, उजवीकडे त्या कुठे जाणार ते, आणि मध्ये टॅब द्यायचा. टॅबऐवजी मोकळ्या जागा पडल्या तर ती ओळ काहीही न सांगता निकामी होत असे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ते ‘कॅट’ आज्ञेला असे पर्याय देत की पडद्यावर टॅबच्या जागी टोपी घातलेला ‘आय’ उमटे. तो ‘आय’ दिसल्याशिवाय ते उठत नसत. यंत्रांच्या पत्त्यांच्या यादीत ‘लॉगहोस्ट’ असे एक उपनाव असे आणि ते मुळात त्या यंत्राकडेच बोट दाखवत असे. अण्णांनी सगळ्या यंत्रांवर ते उपनाव उचलून एका वेगळ्याच सर्व्हरला दिले, आणि तेवढ्याने सगळ्यांच्या नोंदी एका ठिकाणी यायला लागल्या. तेव्हा ते मला एक चतुराईचे काम वाटले होते, त्यापलीकडे काही नाही.

भोसरीच्या कारखान्यासाठी आम्ही स्टोअरमध्ये पडून असलेला एक जुना डेस्कटॉप काढला, त्यात एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन नव्या डिस्क बसवल्या आणि त्याच्यावर आरसिसलॉग, म्हणजे सिसलॉगचाच नवा अवतार, चढवला. त्याला दुसरे काहीही करू द्यायचे नाही, हा माझा हट्ट होता. त्याच्यावर प्रिंटर शेअरिंग नको, शेअर केलेले फोल्डर नको, ‘जरा हे पण त्यावर टाकू या’ नको. पाठवणाऱ्या यंत्रावर खरे तर एकच ओळ लागते: *.* लिहायचे, म्हणजे सगळ्या विभागांच्या (टपाल, लॉगिन असे नोंदींचे प्रकार) सगळ्या तीव्रतेच्या नोंदी, आणि पुढे @ देऊन लॉग सर्व्हरचा पत्ता. एक @ असेल तर नोंद यूडीपीने जाते, दोन असतील तर टीसीपीने; नेटवर्कवरून माहिती धाडण्याच्या या दोन रीती. एवढ्या एका चिन्हाच्या फरकात बरेच काही दडलेले आहे. यूडीपीचे ५१४ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरण्याचे क्रमांकित दार, ही सिसलॉगची जुनी वाट. त्या वाटेने नोंद सोडून दिली की पाठवणारा मोकळा. ती पोचली की नाही याची विचारपूस कोणी करत नाही. एरवी एकाच इमारतीत हे चालून जाते. पण जेव्हा कोणी बाहेरून पासवर्डांचा मारा करत असतो आणि एका सेकंदात शेकडो नोंदी निघतात, नेमक्या तेव्हाच घेणाऱ्याचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरतो आणि नोंदी वाटेत सांडतात. म्हणजे ज्या रात्रीसाठी हा सगळा खटाटोप, त्याच रात्रीची पाने गहाळ होण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यात आणखी एक अडचण अशी की यूडीपीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही कोणाचाही घालू शकतो.

मग सगळे, पोच घेत पुढे जाणाऱ्या टीसीपीवर न्यावे असे वाटते, आणि आम्ही सर्व्हरपुरते तसे नेलेही. मात्र टीसीपीचे ५१४ हे पोर्ट मुळात रिमोट शेलला, म्हणजे दुरून आज्ञा चालवण्याच्या जुन्या सोयीला, दिलेले असल्यामुळे आम्ही तो क्रमांक वापरला नाही. कूटबद्ध, म्हणजे टीएलएसमधून जाणाऱ्या सिसलॉगसाठी ६५१४ हे पोर्ट ठरलेले आहे आणि २००९ सालच्या आरएफसी ५४२५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) त्याची रीत लिहिलेली आहे. प्रमाणपत्रे बनवण्याचा कंटाळा केला नाही तर ती उत्तम चालते. तरीही टीसीपी म्हणजे हमी, असे मानण्यात अर्थ नाही. आरसिसलॉगचे कर्ते राइनर गेरहार्ड्स यांनी हे फार चांगले उलगडून सांगितले आहे. पाठवणारा प्रोग्रॅम नोंद कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बफरमध्ये टाकतो आणि कर्नलने ती घेतली की पोचली असे समजतो. पण त्याच क्षणी पलीकडचे यंत्र पडले तर बफरातल्या नोंदी कोणाच्याच नसतात, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून त्यांनी रेल्प नावाची वेगळी पद्धत काढली, जिच्यात समोरचा आरसिसलॉग प्रत्येक नोंद मिळाल्याची पोच देतो. कारखान्यातले नेटवर्क स्विच मात्र इतके जुने होते की त्यांना यूडीपीपलीकडे काही येत नव्हते. त्यामुळे शेवटी आमच्या त्या डेस्कटॉपला दोन्ही दारे उघडी ठेवावी लागली, आणि हे मला आजही मनापासून पटलेले नाही. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने केली. नोंदींच्या फायली यंत्राच्या नावाने न ठेवता ज्या पत्त्यावरून नोंद आली त्या आयपीच्या नावाने ठेवल्या. यंत्राचे नाव संदेशातच लिहिलेले असते, म्हणजे पाठवणारा स्वतःविषयी जे सांगेल ते. पहिल्याच दिवशी तीन वेगवेगळी यंत्रे आपले नाव ‘लोकलहोस्ट’, म्हणजे नुसते ‘हेच यंत्र’, असे सांगत होती, आणि एक स्विच आपण १९७० सालच्या १ जानेवारीला असल्याचे कळवत होता, म्हणजे त्याचे घड्याळ शून्यावरच होते.

लॉग सर्व्हर पडला तर काय होते, हे मी या आधी एका दुसऱ्या ठिकाणी पाहिलेले होते आणि ते विसरणे शक्य नाही. तिथे सगळी यंत्रे चालू होती, पिंगला उत्तर देत होती, वेबसाइटही उघडत होती, पण कोणालाही लॉगिन करता येत नव्हते. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची सोय, पासवर्ड घेई आणि तसेच लटकून राही. कन्सोलवरही तीच गत. लोक हार्डवेअर बिघडले म्हणून धावपळ करत होते. खरे कारण असे होते की सगळ्या नोंदी टीसीपीने ज्या लॉग सर्व्हरकडे जात, त्याची डिस्क भरून तो बंद पडला होता. पाठवणाऱ्या यंत्रांवर नोंदींची रांग साचत साचत भरली, नवी नोंद घ्यायला जागा उरली नाही, आणि लॉगिन करून देणारा प्रोग्रॅम ‘अमुक आत आला’ एवढे लिहून व्हायची वाट बघत दारातच अडकला. नोंद झाल्याशिवाय आत सोडायचे नाही, हा नियम कोणी ठरवून केलेला नव्हता. तो जोडणीतून आपोआप तयार झाला होता. त्यावर उपाय माहितीतला आहे. पाठवण्याच्या कामाला स्वतःची स्वतंत्र रांग द्यायची, ती मेमरीत मावेनाशी झाली की डिस्कवर उतरू द्यायची, तिला कमाल मर्यादा घालायची आणि ती मर्यादाही संपली तर काय टाकून द्यायचे ते आधीच सांगून ठेवायचे. या शेवटच्या कलमाशी मी भोसरीला बराच वेळ थांबलो. साक्ष पूर्ण हवी की काम चालू राहायला हवे, असा तो सरळ प्रश्न आहे. बँकेने त्याचे जे उत्तर द्यावे ते ड्रॉइंग छापणाऱ्या कारखान्याने द्यावे असे नाही. मालकांनी विचार केला आणि म्हणाले की काम थांबू नये, पण लॉगिनच्या नोंदी सगळ्यात शेवटी टाकून द्याव्यात. संगणकातले ओ की ठो कळत नसताना त्यांनी जे सांगितले ते मला पूर्णपणे मान्य होते. सुदैवाने प्रत्येक सिसलॉग नोंदीच्या कपाळावरच तिची जात लिहिलेली असते. विभागाच्या क्रमांकाला आठाने गुणायचे आणि त्यात शून्यापासून सातपर्यंतची तीव्रता मिळवायची. विभाग ४ म्हणजे ओळखतपासणी आणि तीव्रता २ म्हणजे गंभीर, तर कंसात ३४ दिसते. त्यामुळे कोणती नोंद आधी टाकून द्यायची आणि कोणती जपायची, हे यंत्राला सांगणे फारसे कठीण गेले नाही.

वेळेचा घोळ मात्र अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. जुन्या धाटणीच्या नोंदीत महिना, तारीख, तास, मिनिट आणि सेकंद असतो. साल नसते आणि कोणत्या देशाची वेळ तेही नसते. २००१ सालच्या आरएफसी ३१६४ ने ही पद्धत कागदावर आणली, पण तो दस्तऐवज नियम घालून देण्यापेक्षा लोक आधीपासून जे करत आले त्याचे वर्णन करणारा होता. ते लोक एका विद्यापीठात, एका घड्याळाखाली बसलेले होते. इथे कारखान्यातले सर्व्हर भारतीय वेळेवर, परदेशात भाड्याने घेतलेला टपालाचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आणि स्विच आपापल्या मर्जीवर, असे सगळे एकाच डेस्कटॉपवर आले. परदेशी सर्व्हरवर रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी जे घडले तेच इथल्या २ वाजून १० मिनिटांच्या शेजारी ठेवायचे आहे, हे डोक्यात साडेपाच तासांची बेरीज केल्याशिवाय कळत नाही, आणि त्या बेरजेत तारीखही उलटते. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये पूर्ण साल, सेकंदाचे अंश आणि यूटीसीपासूनचा फरक, सगळे एका शिक्क्यात लिहिण्याची सोय आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने आवृत्ती १२ पासून आरसिसलॉगच्या फायलींनाही तसाच पूर्ण शिक्का द्यायला सुरुवात केली; मात्र त्याच आवृत्तीपासून आरसिसलॉग आपोआप बसवला जात नाही, तो आठवणीने बसवावा लागतो. घड्याळे जुळवण्यासाठी आम्ही एनटीपी लावले, आणि त्याला केंद्र सरकारचा आदेशही निमित्त होता. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत, नोंदी सतत मागच्या १८० दिवसांच्या जपलेल्या हव्यात आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला हवी. एनआयसीच्या वेळ-सर्व्हरांची नावे ‘समय१’ आणि ‘समय२’ अशी आहेत. वर्षानुवर्षे संरचनेच्या फायलींत परदेशी विद्यापीठांची नावे टंकित केल्यावर तिथे ‘समय’ लिहिताना मला उगाचच बरे वाटले.

नोंदी येऊ लागल्या आणि मी त्या वाचू लागलो, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्यात काहीतरी खुपत होते. एका सकाळी लॉगिनच्या फाइलमध्ये ‘असा कोणी वापरकर्ता नाही’ या ओळीत नावाच्या जागी एक शब्द, त्यापुढे जन्मसालासारखा आकडा आणि शेवटी उद्गारचिन्ह असे काहीतरी दिसले. त्याच्या पुढच्याच ओळीत खरेदी विभागातल्या एका बाईंचे यशस्वी लॉगिन होते. त्यांनी घाईत वापरकर्त्याच्या रकान्यात पासवर्ड टंकित केला होता, आणि तो आता जशाच्या तसा, कायमचा, दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसला होता. मी त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “सर, तुम्हाला कसं कळलं?” या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, पण त्यानंतर त्या माझ्याशी पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. याच फायलींत डिझाइन विभागातला एक मुलगा रात्री दीड-पावणेदोनला घरून आत येतो हे दिसते. तो उरलेले काम करतो की स्वतःचे काही, हे लॉग सांगत नाही, पण बघणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा करतो. आणि मग माझी स्वतःची नावनिशी. मी केलेला प्रत्येक ‘सुडू’, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवलेले प्रत्येक काम, तारीखवार, आज्ञेसकट. इतकी वर्षे मी जी दालने उघडत आलो तिथे मला कोणी विचारणारे नव्हते, आणि तसे कोणी नसणे हा या धंद्यातला मोठा, न बोलला जाणारा आराम आहे. तो गेल्याची चुटपुट मला लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रामाणिक माणसाला कसली भीती, असे जे म्हणतात त्यांनी आपला पूर्ण आठवडाभराचा आज्ञांचा इतिहास शेजाऱ्याला वाचायला देऊन पाहावा.

खरा पेच पुढेच होता. त्या डेस्कटॉपचा रूट पासवर्ड कोणाकडे असावा? सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून तोही माझ्याकडे, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पण मग माझ्या लॅपटॉपवर ज्याचा हात पडला त्याला दोन्ही यंत्रे मिळाली, आणि मालकांचा पंचनाम्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. फक्त कागद एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. मला असे दिसते की दूरस्थ नोंदींच्या बहुतेक मांडण्या इथेच पोकळ राहतात. पोर्ट, रांगा, प्रमाणपत्रे सगळे नीट असते, आणि किल्ल्यांचा जुडगा मात्र एकच असतो. सिस्टिमडी या लिनक्सचा कारभार चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, नोंदींवर ठराविक काळाने मोहोर उठवण्याची सोय आहे, आणि ती तपासण्याची किल्ली पडद्यावर क्यूआर कोड म्हणून दाखवली जाते, म्हणजे ती फोनमध्ये टिपून यंत्राबाहेर न्यावी. कल्पना छान आहे, पण मोहोर फार तर छेडछाड झाल्याचे सांगते. गेलेल्या ओळी परत देत नाही. आम्ही साधा मार्ग धरला. त्या डेस्कटॉपवर नेटवर्कवरून लॉगिन करण्याची सोय बंद केली, तो हिशेब विभागाच्या कुलपाच्या खोलीत ठेवला आणि रूटचा पासवर्ड हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः टाकून पाकिटात बंद केला. मला तो माहीत नाही. नोंदी वाचण्यासाठी त्यांची एक प्रत दर तासाला माझ्या यंत्रावर येते. तिच्यात मी काहीही केले तरी मूळ जागेवर ओरखडा उमटत नाही. त्या डेस्कटॉपवर अद्ययावत पॅकेजे चढवायची असतील तेव्हा बाई कन्सोलवर बसतात, मी मागे उभा राहून सांगतो आणि त्या टंकित करतात. यात तिप्पट वेळ जातो. पहिल्यांदा माझी चिडचिड झाली; त्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ विचारत होत्या, आणि एका आज्ञेचा अर्थ मला धड सांगता येईना, तेव्हा त्यांनी ती टंकित करायला नकार दिला.

आता एकच वाद शिल्लक आहे आणि तो शांततेचा आहे. जुन्या सिसलॉगमध्ये काहीच घडत नसेल तर दर २० मिनिटांनी ‘मार्क’ अशी एक रिकामी ओळ पडत असे, म्हणजे आपण जिवंत आहोत एवढेच तो सांगे. पुढे पुष्कळ ठिकाणी ती ओळ कटकट म्हणून बंद केली गेली. पण दूरस्थ नोंदींत सर्वांत महत्त्वाची बातमी अनेकदा न आलेल्या नोंदीचीच असते. घुसखोराला नोंदी पुसता येत नसतील तर त्याचे पहिले काम त्या पाठवणे बंद करणे हेच असणार. म्हणून कोणतेही यंत्र अर्धा तास गप्प राहिले तर लॉग सर्व्हर मालकांना आणि मला संदेश पाठवतो. अडचण गुरुवारची आहे. गुरुवारी आमच्याकडे औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी, त्यात वीजदुरुस्तीसाठी पुरवठा बंद, आणि यूपीएस संपला की एकेक यंत्र गप्प होत जाते. सकाळी साडेनऊपासून फोन वाजायला लागतो. मालकांचे म्हणणे असे की गुरुवारपुरता हा इशारा बंद करा, सुट्टीच्या दिवशी सुखाने चहा पिऊ द्या. माझे म्हणणे असे की ज्याला कारखान्याची थोडीफार माहिती आहे तो माणूस मग गुरुवारच निवडेल. मधला मार्ग म्हणून आम्ही लॉग सर्व्हरला वेगळी मोठी बॅटरी दिली आणि वीज गेल्याची नोंद यूपीएसकडूनही घ्यायला सुरुवात केली, म्हणजे आधी वीज गेली आणि मग यंत्र गप्प झाले तर इशारा सौम्य भाषेत येतो, आणि वीज असताना यंत्र गप्प झाले तर कडक भाषेत. मालकांना दोन्ही भाषा सारख्याच त्रासदायक वाटतात. काल गुरुवार होता. त्यांनी सकाळी फोन करून विचारले की हा सौम्य इशारा निदान दहानंतर पाठवता येईल का, आणि मी अजून हो म्हटलेले नाही.